पांढरा घोडा आणि आमची बखरी दृष्टी

हुकूमशहा आणि लोकप्रिय सेनापती यांची गोष्ट सांगायची झाली की आम्हां साहित्याच्या मंडळींना एक घोडा लागतो. घोडाही ठरलेला आहे. २४ जून १९४५ रोजी मॉस्कोच्या लाल चौकात, भर पावसात, विजयसंचलनाची पाहणी करण्यासाठी मार्शल गिओर्गी झुकोव्ह ज्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या घोड्यावर बसून आला, तो. त्याचे नाव ‘कुमीर’. अर्थ मूर्ती, आराध्यदैवत. नावदेखील कथेला साजेसे! कथा अशी की पाहणी वस्तुतः स्टालिनलाच करायची होती, पण सराव करताना घोड्याने त्याला खाली टाकले. पासष्टीच्या त्या माणसाने मग झुकोव्हला पुढे केले, आपण लेनिनच्या समाधीवर जाऊन उभा राहिला, आणि टापांच्या त्या आवाजाबरोबर त्याच्या मनात मत्सराचे बी पडले. वर्ष उलटायच्या आत झुकोव्हची रवानगी ओडेसाला झाली.

कथा सुरेख आहे. वर्गात सांगितली तर शेवटच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. आम्हीही ती सांगितलेली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. तेव्हा पुढे जे लिहीत आहोत त्याचा पहिला रोख आमच्यावरच आहे, हे आधी मान्य करून टाकतो.

या कथेचा उगम कुठे आहे हे विचारण्याची तसदी आम्ही घेत नाही. घोड्यावरून पडल्याची हकीकत स्टालिनचा मुलगा वासिली याने झुकोव्हला सांगितली आणि झुकोव्हने ती पुष्कळ वर्षांनी आपल्या आठवणींत नोंदवली. म्हणजे सांगणारा एक, आणि नोंदवणारा तो, ज्याच्या गौरवात तिने भर पडते. ती छापून आली तेव्हा बाप आणि लेक दोघेही हयात नव्हते. हकीकत खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही, खरी असेलही. आमचा आक्षेप निराळा आहे. ती खरी धरली तरी तिने काही सिद्ध होत नाही, उलट जे समजून घ्यायचे तेच ती झाकून टाकते. राज्य का बुडाले हे सांगताना बखरकार कुणाच्या तरी मनातल्या किल्मिषाकडे बोट दाखवतो आणि मोकळा होतो. ‘स्टालिनला झुकोव्हचा मत्सर वाटला’ हे वाक्य त्याच जातीचे आहे. त्यात दोनच माणसे उरतात, एक दुष्ट आणि एक शूर. ज्यांच्या जिवावर तो विजय मिळाला ते सुमारे पावणेतीन कोटी सोव्हिएत मृत त्या वाक्यात कुठेच नसतात.

आमचे प्रतिपादन असे आहे की स्टालिनची भीती एका माणसाच्या महत्त्वाकांक्षेची नव्हती. विजयाला आपल्याखेरीज दुसरा मालक असण्याची होती. झुकोव्ह हे त्या दुसऱ्या मालकाचे सर्वांना ओळखू येणारे तोंड, इतकेच. तोंड झाकायचे तर एक माणूस हलवून भागते. मालकीच नाहीशी करायची तर त्याहून पुष्कळ काही करावे लागते, आणि ते सारे त्याने केले.

त्या चार दिवसांच्या तारखा पाहा. २४ जूनला संचलन. २५ जूनला क्रेमलिनमध्ये संचलनात भाग घेणाऱ्यांचा सत्कार. तिथे स्टालिनने मद्याचा प्याला उंचावला तो मार्शलांसाठी नव्हे, तर सामान्य माणसांसाठी. त्याने त्यांना राज्याच्या प्रचंड यंत्रातले ‘छोटे स्क्रू’ म्हटले आणि या स्क्रूंवाचून आम्ही मार्शल आणि सेनापती कवडीमोल आहोत, अशा आशयाचे बोलला. २७ जूनला तो स्वतः ‘जनरलिसिमो’ झाला. म्हणजे सर्व मार्शलांच्या वर एक नवी पायरी घालून तिच्यावर एकटाच जाऊन बसला. ते भाषण लोकाभिमुख म्हणून उद्धृत केले जाते. आम्हांला ते त्या शतकातले सर्वांत चतुर भाषण वाटते. सामान्यांचे नाव घेऊन त्याने सेनापतींना लहान केले, आणि त्याच श्वासात सामान्यांना स्क्रू ठरवून त्यांनाही. स्क्रूला आठवणी नसतात. तो जिथे बसवला तिथे बसतो आणि झिजला की बदलता येतो.

पुढची पावले बखरीत येत नाहीत, कारण त्यांत घोडा नाही. ९ मे हा विजयदिन सुटीचा दिवस म्हणून १९४५ साली जाहीर झाला होता. डिसेंबर १९४७ मध्ये ती सुटी काढून घेण्यात आली आणि ९ मे पुन्हा कामाचा दिवस झाला. तो सुटीचा दिवस पुन्हा झाला १९६५ साली, स्टालिनच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. १ जानेवारी १९४८ पासून शौर्यपदकांबरोबर मिळणारे छोटे मासिक मानधनही बंद झाले. मत्सराचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी इथे उत्तर द्यावे. झुकोव्हचा मत्सर वाटत होता म्हणून र्याझानजवळच्या खेड्यातल्या एक पाय गमावलेल्या शिपायाच्या पदकाचे चार रूबल कापले गेले काय? त्या दोन गोष्टींना जोडणारा धागा मत्सर नाही. आम्ही लढलो, आम्ही जिंकलो, तेव्हा आमचेही काही देणे लागते, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरू नये, हा तो धागा आहे.

आणि असे म्हटले जाऊ लागले होते, याची खबर त्याला होती. कारण घरांच्या भिंतींना खरोखरच कान बसवलेले होते. स्टालिनग्राडच्या आघाडीचा एके काळचा सेनापती गोर्दोव्ह १९४६च्या अखेरीस आपल्या घरात पत्नीशी आणि आपला सहकारी ऱ्यिबालचेन्को याच्याशी बोलत होता. सामूहिक शेतीवरच्या शेतकऱ्यांची आपण पाहिलेली दैना सांगत होता. रशियात ते दुष्काळाचे वर्ष होते. ते बोलणे नोंदले गेले. १९४७ साली दोघांना अटक झाली आणि ऑगस्ट १९५० मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. गोर्दोव्ह कुणाचा लाडका वीर नव्हता. त्याच्या कारकिर्दीवर पोवाडा रचावा असेही काही नाही. त्याचा अपराध इतकाच की लष्करी गणवेशातल्या माणसाला शेतकरी दिसला. नेपोलियनचा पाठलाग करीत पॅरिसपर्यंत गेलेले रशियन अधिकारी परत आले तेव्हा त्यांनाही आपल्याकडचा भूदास नव्याने दिसला होता, आणि त्यांतल्या काहींनी १८२५च्या डिसेंबरमध्ये बंड केले होते. हा धडा रशियाच्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ होता. स्टालिनलाही होता.

आता झुकोव्हकडे वळू. कलुगा प्रांतातल्या स्त्रेल्कोव्का गावी १८९६ साली जन्मलेला चर्मकाराचा मुलगा. लहानपणीच मॉस्कोत केसाळ कातड्यांचे कपडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला लागलेला. १९३९ साली मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन-गोल येथे त्याने जपान्यांना हरवले. पुढे लेनिनग्राड, मॉस्को, स्टालिनग्राड, कुर्स्क, बर्लिन. मे १९४५ मध्ये कार्ल्सहोर्स्ट येथे जर्मनीची शरणागती त्याने स्वीकारली. हे सर्वज्ञात आहे, त्यावर रेंगाळत नाही.

रेंगाळायचे ते १९४६वर. त्या वर्षी वायुदलाचा प्रमुख नोविकोव्ह याला अटक झाली आणि त्याच्या सहीचे एक निवेदन तयार झाले: झुकोव्ह विजयांचे श्रेय स्वतःकडे घेतो. (स्टालिनच्या मृत्यूनंतर नोविकोव्हने सांगितले की ते आपल्याकडून वदवून घेतले होते.) १ जूनला उच्च लष्करी मंडळाची बैठक भरली. पक्षातल्या मंडळींनी आरोप केले. कोन्येव्ह, रोकोसोव्स्की यांच्यासारखे सहकारी मात्र झुकोव्हच्या तुसड्या स्वभावावर ताशेरे ओढूनही त्याला द्रोही म्हणायला तयार झाले नाहीत. ९ जूनला स्टालिनच्या सहीने गुप्त आदेश निघाला. त्यातला मुख्य ठपका मननीय आहे. झुकोव्हने कट केला, सैन्य फितवले, असे तो म्हणत नाही. विनय सोडला आणि ज्या मोहिमांशी संबंध नव्हता त्यांचेही कर्तेपण स्वतःकडे घेतले, असे म्हणतो. म्हणजे आरोप कर्तृत्वाच्या हक्काचा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा वाद परिचित वाटावा: संहितेचा लेखक कोण? एका हुकूमशहाने सैनिकी आदेशाच्या भाषेत लेखकत्वाचा दावा दाखल केला होता.

त्याला गोळी का घातली नाही, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. १९३७ ते १९३९ या काळात पाच मार्शलांपैकी तिघे, तुखाचेव्स्की, ब्ल्यूखर आणि येगोरोव्ह, संपवणाऱ्याचा हात इथेच का थांबला? उत्तर त्या दोन काळांतल्या फरकात आहे. १९३७ साली सेनापती हेर होते असे सांगितले तर लोकांनी ते ऐकून घेतले. त्यांच्याजवळ ताडून पाहायला स्वतःचे काही नव्हते. १९४६ साली घरोघर एक माणूस तरी आघाडीवरून परतलेला किंवा न परतलेला होता. झुकोव्ह द्रोही म्हणायचे तर त्याच्या हाताखाली गेलेला आपला बाप, भाऊ, नवरा कोणासाठी मेला, हा प्रश्न घरोघर उभा राहिला असता. तेव्हा त्याला मारण्यापेक्षा लहान करणे सोयीचे होते. हुतात्मा स्मरणात राहतो. ओडेसाच्या आणि पुढे उरलच्या लष्करी विभागाचा अधिकारी विस्मरणात जातो.

लहान करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. जानेवारी १९४८ मध्ये त्याच्या घराची आणि गावाबाहेरच्या बंगल्याची झडती झाली. सुरक्षामंत्री अबाकुमोव्ह याने स्टालिनला पाठवलेल्या अहवालात जर्मनीतून आणलेल्या वस्तूंची यादी आहे: कापडाचे हजारो मीटर, शेकडो केसाळ कातडी, ४४ गालिचे, ५५ चित्रे. बंगल्यात सोव्हिएत पुस्तक एकही नाही, सोनेरी बांधणीची आहेत ती सगळी जर्मन, अशी तक्रारही त्यात आहे. गुप्त पोलिसांचे हे ग्रंथप्रेम हृद्य आहे! पण यादी खोटी नव्हती, हे आमच्यासारख्या वीरपूजकांना गिळवत नाही. झुकोव्हने खुलाशाच्या पत्रात काही चुका मान्य केल्या आणि पक्षात राहू द्यावे अशी विनंती केली. कातडी शिवणाऱ्याकडे उपाशीतापाशी राबलेल्या पोराने मार्शल झाल्यावर शेकडो कातडी जमवावीत, यात कादंबरीकाराला हवे ते सगळे आहे. आम्ही मात्र वर्गात हा भाग वगळतो, कारण त्याने घोड्याच्या पांढऱ्या रंगावर डाग पडतो. सत्ताधाऱ्याची खरी हुशारी इथे होती. लूट सर्वांनी केली होती, करू दिली होती. आणि करू दिली होती म्हणूनच ती हवी तेव्हा काढून दाखवता येत होती. राईशस्टागच्या पायऱ्यांवर मे १९४५ मध्ये शिपायांसमोर गाणारी, लोकांची लाडकी गायिका लिदिया रुस्लानोव्हा हिला आणि झुकोव्हच्या वर्तुळातल्या तिच्या सेनापती नवऱ्याला १९४८ साली याच मार्गाने तुरुंगात धाडण्यात आले. ती सुटली १९५३ साली.

रिकामी झालेली जागा भरायची असते. १९४९ साली, स्टालिनच्या सत्तरीच्या निमित्ताने, चिआउरेलीने ‘बर्लिनचा पाडाव’ हा चित्रपट तयार केला. त्याच्या शेवटी पांढऱ्या गणवेशातला स्टालिन विमानाने बर्लिनमध्ये उतरतो आणि नाना देशांचे मुक्त झालेले लोक त्याच्याभोवती गोळा होतात. असे कधीही घडले नव्हते. झुकोव्ह त्या चित्रपटात आहे, असून नसल्यासारखा. पण त्या गर्दीतल्या चेहऱ्यांकडे पाहा. तेही असून नसल्यासारखेच आहेत. सेनापती आणि शिपाई, दोघांनाही एकाच कात्रीने कापलेले आहे, आणि आम्ही फक्त पहिल्यासाठी हळहळतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. सेनापतींचे भय निराधार असते काय? १७९९च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेंच प्रजासत्ताक एका लोकप्रिय सेनापतीनेच गिळले. रशियन क्रांतिकारकांनी तो इतिहास इतका घोटला होता की १९२०च्या दशकात ट्रॉट्स्कीकडे पाहतानाही त्यांना बोनापार्ट दिसत होता. शिवाय २६ जून १९५३ रोजी बेरियाला क्रेमलिनमध्ये पकडले ते झुकोव्ह आणि त्याच्या सोबतच्या लष्करी अधिकाऱ्यांनीच. जून १९५७ मध्ये ख्रुश्चेव्हची खुर्ची वाचवण्यातही त्याचा हात होता. अशा माणसाची धास्ती वाटली तर नवल काय?

आक्षेप मान्य करून एक वेगळे उदाहरण समोर ठेवतो. एप्रिल १९५१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षाने, ट्रूमनने, मॅकआर्थर या आपल्या सर्वांत लोकप्रिय सेनापतीला पदावरून दूर केले. मॅकआर्थरकडे महत्त्वाकांक्षाही होती आणि उद्धटपणाही. तो घरी आला, काँग्रेसपुढे भाषण करून गेला, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्याची लाखोंची मिरवणूक निघाली, ट्रूमनला शिव्याशाप मिळाले. आणि मग? मग काही नाही. मॅकआर्थरच्या घराची झडती झाली नाही, त्याच्या मित्रांना मारून कबुलीजबाब घेतले गेले नाहीत, पॅसिफिकच्या लढाया ट्रूमनने जिंकल्याचा चित्रपट निघाला नाही. लोकप्रिय सेनापतीला सत्तेपासून लांब ठेवण्याची गरज प्रत्येक राज्याला असते. त्याचे नाव युद्धातून खोडण्याची गरज फक्त त्या राज्यकर्त्याला पडते, ज्याच्या सत्तेला मतांचा आधार नाही आणि ज्याचा सगळा हक्क त्या युद्धाच्या कथेवरच उभा आहे. ट्रूमनला विजय उसना घ्यावा लागत नव्हता. स्टालिनला लागत होता, कारण त्या विजयाच्या आधीचा हिशेब, विशेषतः १९४१च्या उन्हाळ्याचा, त्याच्या नावावर चढला होता आणि झुकोव्ह त्या उन्हाळ्याचा साक्षीदार होता. जुलै १९४१च्या अखेरीस कीव्ह सोडून मागे सरावे असे त्याने सांगितले होते आणि त्यापायी जनरल स्टाफच्या प्रमुखपदावरून तो दूर झाला होता. सप्टेंबरमध्ये कीव्ह पडले; लाखो सैनिक वेढ्यात सापडले.

आणि ख्रुश्चेव्ह? ज्याने १९५६ साली स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर आसूड ओढले, झुकोव्हला बाजूला सारल्याबद्दलही स्टालिनला बोल लावले, त्यानेच ऑक्टोबर १९५७ मध्ये झुकोव्ह परदेश दौऱ्यावर असताना त्याची सद्दी संपवली. त्याच वर्षाच्या आरंभी संरक्षणमंत्री म्हणून झुकोव्ह भारतात येऊन गेला होता. ३ नोव्हेंबरला ‘प्रावदा’त त्याच्यावर घणाघाती लेख आला तो त्याच कोन्येव्हच्या नावाने, ज्याने १९४६ साली स्टालिनसमोर त्याची बाजू घेतली होती. मत्सराच्या सिद्धान्ताला इथे दुसऱ्यांदा ठेच लागते. माणूस बदलला, स्वभाव बदलला, भीती तीच राहिली.

आता आमच्या लाडक्या वीराकडे पाहण्याची पाळी. बखरीच्या नियमाने ज्याच्यावर जुलमी राजाची वक्रदृष्टी झाली तो आपोआप स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता ठरतो. झुकोव्ह तसा नव्हता. १९५६च्या नोव्हेंबरमध्ये बुडापेस्टवर रणगाडे गेले तेव्हा संरक्षणमंत्री तोच होता. १९५४च्या सप्टेंबरमध्ये तोत्स्कोये येथे सुमारे ४५,००० सैनिकांना अणुस्फोटाच्या प्रदेशात सरावाला उतरवले, तेव्हाही वरिष्ठांत तोच होता. आणि र्झेव्ह. मॉस्कोच्या पश्चिमेला, १९४२ आणि १९४३च्या आरंभी, त्या एका शहराभोवतीच्या लढायांत सोव्हिएत सैन्याचे लाखो माणूस कामी आले किंवा जायबंदी झाले. त्यांतली १९४२च्या हिवाळ्यातली ‘मार्स’ मोहीम झुकोव्हच्या देखरेखीखाली होती आणि ती फसली. त्याच्या आठवणींत तिला मिळालेली जागा पाहिली तर खोडरबर केवळ क्रेमलिनमध्ये नव्हते हे ध्यानात येते. १९६९ साली त्या आठवणी छापून आल्या त्याच मुळी कापाकापी होऊन. आणि वर एक भर घालून. नोव्होरोसिस्कच्या आघाडीवर गेलो असता कर्नल ब्रेझनेव्ह यांचा सल्ला घ्यावा असे वाटले होते, पण ते पलीकडच्या तीरावर गेले होते, असे एक वाक्य त्यात घुसडले गेले. मार्शलला कर्नलचा सल्ला हवा होता! हे वाक्य वाचून रशियात लोक हसले, आम्हीही हसतो. पण त्या वाक्यावर हसताना र्झेव्हच्या गाळलेल्या पानांची आठवण आम्हांला होत नाही.

ती आठवण साहित्याने ठेवली, आणि आम्ही साहित्याची माणसे आहोत म्हणून आमचा खरा राग इथे आहे. त्वार्दोव्स्कीने १९४६च्या सुमारास, म्हणजे झुकोव्हची चौकशी चालू होती तेव्हा, र्झेव्हजवळ पडलेल्या, कबरदेखील नसलेल्या एका शिपायाच्या तोंडून बोलणारी दीर्घ कविता लिहिली. त्या मृताला आपण जिंकलो की नाही हेही ठाऊक नाही. कवितेत मार्शल नाही, घोडा नाही. त्याच वर्षी व्हिक्टर नेक्रासोव्हची खंदकांतून लिहिलेली स्टालिनग्राडची कादंबरी आली, जिच्यात सर्वोच्च नेता जवळजवळ नाहीच.

आणि ग्रॉसमन. ‘जीवन आणि नियती’चे हस्तलिखित फेब्रुवारी १९६१ मध्ये गुप्त पोलिसांनी घरातून उचलून नेले, सोबत कार्बन कागद आणि टंकयंत्राच्या फितीही नेल्या. लेखक १९६४ साली वारला. कादंबरी परदेशात १९८० साली आणि मायदेशी १९८८ साली छापली गेली. तिच्यात रणगाडा-दलाचा एक कर्नल आहे, नोविकोव्ह (वायुदलाच्या नोविकोव्हशी नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही). स्टालिनग्राडच्या प्रतिहल्ल्याच्या सकाळी, खुद्द स्टालिनचे लक्ष लागलेले असताना, तो हल्ला आठ मिनिटे थांबवतो. शत्रूच्या शिल्लक तोफा आधी बंद पडाव्यात आणि आपली पोरे फुकट मरू नयेत, एवढ्यासाठी. हल्ला यशस्वी होतो. कमिसार गेतमानोव्ह त्याला मिठी मारतो, त्याची वाहवा करतो, आणि मग त्या आठ मिनिटांची खबर वर पोचवतो. नोविकोव्हला मॉस्कोला बोलावणे येते.

या लेखाचा विषय ज्या विद्यार्थ्याला खरोखर समजून घ्यायचा आहे त्याने घोडा सोडावा आणि ही आठ मिनिटे वाचावीत. नोविकोव्ह लोकप्रिय नाही, त्याच्या नावाने गाणी नाहीत, सत्तेवर त्याचा डोळा नाही. त्याने केले इतकेच की शिपायाचा जीव हा निर्णयात धरण्याजोगा घटक मानला आणि त्यासाठी वरच्याची आठ मिनिटे खर्च केली. ती मिनिटे ज्याची आहेत असे त्याने क्षणभर मानले, तो मालक क्रेमलिनमधला नव्हता. भीतीचे मूळ तिथे आहे. प्रत्यक्षातल्या झुकोव्हने अशी आठ मिनिटे किती वेळा दिली, हा प्रश्न आम्ही त्याच्या चाहत्यांपुढे ठेवतो. हद्दपारीत असलेल्या ब्रॉडस्कीने १९७४ साली झुकोव्हच्या मृत्यूवर कविता लिहिली तेव्हा सुवोरोव्हच्या निधनावरच्या डेर्झाविनच्या कवितेची लय मुद्दाम उचलली. सुवोरोव्हही झारची मर्जी गमावून १८०० साली मेला होता. त्या कवितेत सेनापतीला मानवंदना आहे, आणि सांडलेल्या शिपायांच्या रक्ताचा सवालही आहे. आमच्याकडे मानवंदनेचा भाग तेवढा आवडतो.

अण्णाभाऊ साठ्यांची आठवण इथे अप्रस्तुत होणार नाही. युद्ध चालू असतानाच त्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. पोवाडा हा परंपरेने वीराचा. त्याचा नायक ठरलेला असतो. अण्णाभाऊंनी पोवाडा एका शहराच्या लढाईवर लिहिला. त्या शहराच्या नावातच हुकूमशहा बसलेला होता ही गोष्ट खरी, आणि त्या काळात जगभरच्या कामगार चळवळीला ते नाव खटकत नव्हते, हीही खरी. पण पोवाड्याच्या मथळ्यात सेनापती नाही, हे आमच्या समीक्षकांनी कधी लक्षात घेतले आहे काय? अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले त्याच १९६१ साली त्या शहराचे नाव बदलून व्होल्गोग्राड झाले.

कुणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. जुने कसे? २०१२ साली सायबेरियातल्या तोम्स्क शहरी काही पत्रकारांनी एक साधी कल्पना काढली: ९ मे रोजी प्रत्येकाने आपल्या घरातल्या, युद्धात लढलेल्या माणसाचे छायाचित्र हातात घेऊन चालावे. मार्शलांची छायाचित्रे नकोत, पक्षांचे झेंडे नकोत. नाव ‘अमर पलटण’. विजयाचा दुसरा मालक इतक्या वर्षांनी रस्त्यावर आला होता. तीन वर्षांत, २०१५च्या ९ मे रोजी, मॉस्कोतल्या त्याच मिरवणुकीच्या अग्रभागी आपल्या वडिलांचे छायाचित्र घेऊन राष्ट्राध्यक्ष पुतिन चालत होते, आणि सूत्रे सरकारी हातांत गेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये स्टालिनच्या बळींची नावे जमवणारी ‘मेमोरियल’ ही संस्था न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. दोन महिन्यांनी नवे युद्ध सुरू झाले, तेही जुन्या विजयाच्या नावाने.

झुकोव्हचा अश्वारूढ पुतळा १९९५ पासून लाल चौकाच्या तोंडाशी उभा आहे. त्याची आता कुणाला भीती उरलेली नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी, स्टालिनग्राडच्या विजयाच्या ऐंशीव्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, व्होल्गोग्राडमध्ये तीन अर्धपुतळ्यांचे अनावरण झाले: स्टालिन, झुकोव्ह आणि वासिलेव्स्की, शेजारी शेजारी. ज्यांनी इतकी वर्षे स्टालिन विरुद्ध झुकोव्ह अशी कथा वर्गांतून शिकवली, त्यांनी या तीन पुतळ्यांचे वाचन विद्यार्थ्यांना एकदा करून दाखवावे. आमच्या जुन्या टिपणांत त्याला उत्तर नाही. ती आम्ही बाजूला ठेवली आहेत आणि या सत्रात ग्रॉसमनचे ते प्रकरण लावले आहे.